ढगातील चाळ

‘क्लाउड’ म्हटले की आमच्या शेलूची मंडळी माथेरानच्या डोंगराकडे पाहतात. पण हा ढग जमिनीवरच असतो. मोठ्या इमारतींत रांगेने मांडलेली संगणकयंत्रे व त्यांतील भाड्याची जागा, एवढाच त्याचा अर्थ. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई व चेन्नईस आणि ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईस अशी केंद्रे उघडली. भाडेकरू अनेक, तारा त्याच. म्हणून प्रत्येकाभोवती लिखित नियमांची भिंत घालतात. हेच आभासी जाळे.

ते चाळीसारखे समजावे. यंत्रांचे पत्ते म्हणजे खोल्यांचे क्रमांक, वाट दाखविणारी पाटी म्हणजे रूट टेबल, दाराशी पहारेकरी. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले असल्याने तेच क्रमांक हजारो चाळींत सापडतात. दोन चाळी जोडावयाच्या झाल्या की पंचाईत! दहावी खोली कोणाची? तेव्हा क्रमांक आरंभीच निराळे घ्यावेत.

खरी गोम पहारेकऱ्यांत आहे. ‘सिक्युरिटी ग्रुप’ नावाचा पहारेकरी बाहेर गेलेल्याला ओळखतो व परतताना अडवीत नाही. ‘नेटवर्क एसीएल’ नावाच्या दुसऱ्याला काहीच आठवत नाही. त्याला जाण्याची परवानगी वेगळी व परतण्याची वेगळी लिहून द्यावी लागते. उत्तर परतते तेही १०२४ ते ६५५३५ यांपैकी कोणत्याही क्रमांकाच्या दाराने. ती दारे बंद राहिली, की निरोप जातो, उत्तर येत नाही.

शेलूहून लोकलने रात्रपाळीस जाणाऱ्या एका मुलावर हेच बेतले. हिशेबाचे यंत्र मुके झाले आणि सकाळी त्याच्या हाती ठपक्याचा कागद आला. “काका, मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, एवढेच,” तो म्हणाला. (हा तर आपल्याकडे सर्वच यंत्रांवरचा उपाय!) आम्ही यंत्रज्ञ नव्हे, पण हजेरीपट वाचण्यात आमची हयात गेली. आम्ही व्यवस्थापकांना म्हटले, पत्ता पाहा, मग पाटी, मग पहारा, आणि जाळ्याची नोंदवही आमच्यासमोर उघडा. तीत निरोप बाहेर ‘मंजूर’ व त्याचेच उत्तर आत ‘नामंजूर’ असे एकाखाली एक लिहिलेले होते. पहाऱ्याचा नियम आदल्या सायंकाळी वरिष्ठांच्या खात्यातून बदलला होता. मुलाला तो बदलण्याचा अधिकारच नव्हता.

कागद मागे घेतला गेला. कापलेला पगार मिळावयास मात्र तीन महिने लागले.