स्वमग्न मुलाची मांजराशी दोस्ती का जमते?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. घरात धान आले की उंदीर येतात, आणि उंदरांमागे मांजर येतेच. त्यामुळे आमगाव असो की तिरोडा, आपल्या बऱ्याच घरांत कुत्रा नसला तरी मांजर असते. अशा घरात एखादे स्वमग्न मूल असेल तर कधी कधी वेगळेच दृश्य दिसते. अम्मीने दहा हाका मारल्या तरी वळून न पाहणारे मूल मांजराजवळ तासभर शांत बसते. मग बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते नजर लागली, कोणी म्हणते मांजराच्या रूपात काहीतरी आहे, तिला बाहेर काढा. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

स्वमग्नता म्हणजेच ऑटिझम. ही जिन्नाची सावली नाही आणि आई-वडिलांच्या संगोपनातली चूकही नाही. या मुलांच्या मेंदूची वाढच सुरुवातीपासून वेगळ्या पद्धतीने झालेली असते. समोरच्याचा चेहरा, आवाजाचा चढउतार, बोलण्यामागचा अर्थ ओळखणे त्यांना जड जाते. गोंगाट, झगमगाट, अचानक झालेला स्पर्श काहींना सहन होत नाही. रोजचा क्रम बदलला की ती बिथरतात.

आता मांजराकडे पाहा. ती 'माझ्याकडे बघून बोल' असा आग्रह धरत नाही. प्रश्न विचारत नाही, उत्तराची घाई करत नाही. तिच्या खाण्या-झोपण्याच्या वेळा बऱ्याचशा ठरलेल्या असतात. तिचे इशारे थोडे आणि साधे असतात: शेपूट फटकारली की राग, अंग घासले की माया. मऊ केस आणि एकसुरी घुरघुर काही मुलांना शांत करते. जवळ किती जायचे, हे दोघेही आपापल्या मर्जीने ठरवतात.

यावर संशोधनही झाले आहे. फ्रान्समधील मरीन ग्रांजॉर्ज व सहकाऱ्यांचा अभ्यास 2012 मध्ये आला. वयाच्या पाच वर्षांनंतर घरात पाळीव प्राणी आला, अशी स्वमग्न मुले आपली वस्तू दुसऱ्याला देणे आणि दुःखी माणसाला धीर देणे या दोन बाबतींत पुढे गेलेली दिसली. प्राणी जन्मापासूनच घरात असलेल्या मुलांत तसा फरक दिसला नाही. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात ग्रेचेन कार्लाइल यांनी शांत स्वभावाच्या मांजरी निवडून त्या स्वमग्न मुलांच्या घरी दिल्या. मुलांमधील सहानुभूती वाढली, घरच्यांपासून दूर होण्याची भीती कमी झाली. पण हा अभ्यास फक्त 11 कुटुंबांचा होता. म्हणून मांजर सोबत देते असे म्हणू या, ती इलाज आहे असे मात्र कोणी समजू नये.

आपल्या दीनमध्येही मांजराला जागा आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना हे नावच मांजराच्या पिलावरून मिळाले. मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, अशा अर्थाची हदीस अबू दाऊद व तिर्मिझीमध्ये आहे. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे. म्हणजे मुलासाठी मांजर आणायची, तर तिचाही हक्क सांभाळावा लागेल.

काही काळजी मात्र घ्यावीच लागते. सगळ्याच स्वमग्न मुलांना मांजर आवडत नाही. काहींना तिचे ओरडणे सोसत नाही, अशांवर जबरदस्ती नको. मूल शेपूट ओढत असेल तर दोघांना एकटे सोडू नका. मांजराला रेबीजची लस द्या. ती चावली किंवा ओरबाडले तर जखम 15 मिनिटे साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात जा. घरात बाई गरोदर असेल तर मांजराची घाण दुसऱ्याने काढावी.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तपासणी. मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी नावाला वळत नसेल, बोटाने वस्तू दाखवत नसेल, तर 'मुलगा आहे, उशिरा बोलेल' म्हणत थांबू नका. दुआ जरूर करा, पण तावीजवर विसंबून वर्षे घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. आम्हा शिक्षकांकडे असे मूल आले तर त्याला परत पाठवता येत नाही, हे पालकांनी ठामपणे सांगावे.

आणि मांजराकडून घरच्यांनीही थोडे शिकावे. हळू बोला, मुलाला वेळ द्या, ते जवळ येईल तेव्हा येऊ द्या.