यकृत बोलत नाही तोवर

यकृताचा आजार म्हटला की साठीच्या आसपासचा रुग्ण डोळ्यांसमोर येतो. परंतु अतिमद्यपानाने बिघडलेले यकृत आज तिशी-पस्तिशीच्या तरुणांतही आढळते. घरच्यांना ते कळते बहुधा डोळे पिवळे झाल्यावर. यकृत हा विलक्षण सोशिक अवयव आहे. त्याच्या आतल्या पेशींना वेदना कळत नाही आणि बराच भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग काम रेटत राहतो. म्हणूनच घरातील ज्येष्ठांची नजर येथे मोलाची ठरते.

यकृतात काय घडते?

रक्तात उतरलेल्या मद्याचा निचरा प्रामुख्याने यकृतच करते. त्या प्रक्रियेत ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते आणि ते पेशींना इजा करते. यकृताची गती ठरलेली असते. तासाला साधारणपणे 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क. व्हिस्कीच्या 30 मिलिलीटरच्या लहान पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क असतो, तर ‘स्ट्राँग’ बिअरच्या 650 मिलिलीटरच्या एका बाटलीत सुमारे 40 ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त बिअर घेतो’ असे म्हणणारा तरुण एका बाटलीत चार लहान पेग रिचवत असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

तीन पायऱ्या

पहिली पायरी यकृतात चरबी साठण्याची. सतत अतिमद्यपान करणाऱ्या बहुतेकांमध्ये ती दिसते. मात्र मद्य पूर्ण थांबवल्यास ही चरबी काही आठवड्यांत ओसरू शकते. दुसरी पायरी यकृतदाहाची. त्याचे तीव्र रूप ऐन तारुण्यातही प्राणघातक ठरते. तिसरी पायरी सिरोसिसची; यात मऊ यकृताच्या जागी व्रणासारखे घट्ट तंतू येतात. ही हानी सहसा पूर्णपणे भरून येत नाही, तरीही या टप्प्यावर मद्य सोडणाऱ्याचे आयुष्य वाढते. स्थूलपणा, मधुमेह किंवा ‘बी’ व ‘सी’ प्रकारची कावीळ सोबत असल्यास हानी वेगाने होते. स्त्रियांना कमी प्रमाणातही अधिक अपाय होतो.

ज्येष्ठांनी काय पाहावे?

सकाळी कोरड्या उलट्या, हातांचा कंप, मंदावलेली भूक, उतरलेले वजन, कामातील खाडे ही लक्षणे दिसली तर यकृताच्या रक्तचाचण्या व सोनोग्राफी करून घ्यावी. चाचणी सुरुवातीला जवळपास ठीक आली म्हणून निर्धास्त होऊ नये. डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, पायांवर सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, दिवसा गुंगी व रात्री जाग, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मायेपोटी हे करू नये

मद्य सोडवणारी पूड किंवा गोळी गुपचूप जेवणात मिसळणे अत्यंत धोक्याचे आहे. अशा काही औषधांवर मद्य पोटात गेल्यास रक्तदाब कोसळू शकतो. यकृतालाही इजा होते. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकाएकी मद्य तोडणेही तितकेच घातक आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. मद्य सोडायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ‘लिव्हर टॉनिक’ मद्याचा अपाय पुसत नाही. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच द्यावी. कावीळ झाली म्हणून केवळ उसाच्या रसावर ठेवू नये. अशा रुग्णाला पुरेशी प्रथिने लागतात. आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

बोलावे कसे?

नशेत असताना वाद घालू नये. सकाळी, एकांतात, चारचौघांचे दाखले न देता बोलावे. ‘तू घराण्याचे नाव घालवलेस’ यापेक्षा ‘तुझे हात कापताना पाहिले, काळजी वाटते; आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ’ हे वाक्य अधिक काम करते. उधारी फेडणे, कार्यालयात खोटे निरोप देणे मात्र थांबवावे; त्याने आजार झाकला जातो. व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र रुग्णाबरोबर कुटुंबालाही आधार देते. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.

पुन्हा घसरण झाली तर तो प्रयत्नांचा शेवट समजू नये. अनेकांना दोन-तीनदा उपचार घ्यावे लागतात. तरुण यकृतात सावरण्याची शक्ती मोठी असते. तिला वेळेवर संधी मिळणे पुष्कळदा घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या शांत, ठाम शब्दावर अवलंबून असते.