आठव्या-नवव्या महिन्यात कूस बदलतानाही जांघेत कळ येते? हे दुखणं ‘सहन करायचं’ नसतं!

आठवा महिना लागला की घरात लगबग सुरू होते. डोहाळजेवण झालेलं असतं, बाळाच्या दुपट्यांसाठी जुन्या सुती साड्या शोधून ठेवल्या जातात. आणि नेमक्या याच दिवसांत अनेक जणींना एक विचित्र दुखणं सुरू होतं. रात्री कूस बदलायला जावं तर जांघेत सुरी फिरल्यासारखी कळ येते. सलवार घालताना एका पायावर उभं राहता येत नाही. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की पुढचं हाड ठणकायला लागतं. काहींना तर चालताना आतून ‘कट्’ असा आवाज आल्यासारखं वाटतं.

घरात सांगितलं तर उत्तर ठरलेलं. “बाळंतपण म्हटलं की एवढं दुखणारच, आम्ही नाही का काढलं?”

काढलं असेलच! पण या दुखण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि त्यावर उपायही आहेत. याला ‘पेल्विक गर्डल पेन’ म्हणतात. साधारण पाचपैकी एका गरोदर बाईला हा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो.

मुळात दुखतं काय?

कमरेखालच्या हाडांचं एक गोल कडं असतं, त्यालाच पेल्विस म्हणतात. हे कडं सलग नसतं. मागे माकडहाडाच्या वर डावी-उजवीकडे दोन सांधे आणि पुढे, ओटीपोटाच्या अगदी खाली, बरोबर मध्यावर एक सांधा. या पुढच्या सांध्याला ‘सिम्फिसिस प्युबिस’ म्हणतात. एरवी तिथे दोन हाडांमध्ये ४ ते ५ मिलीमीटरचं अंतर असतं. गरोदरपणात ते २-३ मिलीमीटरने वाढतं, कारण बाळाला वाट करून द्यायची असते. रिलॅक्सिन आणि इतर संप्रेरकांमुळे सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात.

मग सगळ्याच जणींना का दुखत नाही? सगळा दोष रिलॅक्सिनच्या माथी मारला जातो, पण ज्यांच्या रक्तात ते जास्त त्यांनाच जास्त दुखतं, असं अभ्यासांत स्पष्टपणे दिसलेलं नाही. खरी अडचण असते ती तीन सांध्यांच्या ताळमेळाची. एक सांधा जास्त हलू लागला की बाकीच्यांवर ताण येतो. त्यात पोटाचं वजन पुढे, कंबर मागे आणि पोटाचे स्नायू ताणलेले. आधी कमरेला मार लागला असेल, मागच्या खेपेला हाच त्रास झाला असेल किंवा काम अंगमेहनतीचं असेल, तर शक्यता वाढते.

एक गोष्ट मात्र नक्की. या दुखण्याने बाळाला इजा होत नाही. हाल होतात ते आईचे.

‘पाय एकत्र’ हा सगळ्यात मोठा मंत्र

एका पायावर भार पडला किंवा दोन पाय एकमेकांपासून लांब गेले की हे दुखणं उसळतं. एवढं लक्षात ठेवलं की दिवसभरातल्या निम्म्या गोष्टी आपोआप सुचतात.

कूस बदलताना आधी दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवायचे आणि मग खांदे, कंबर, गुडघे असं सगळं अंग एकदम वळवायचं. आधी वरचा पाय टाकायचा आणि मग बाकीचं अंग ओढायचं, ही सवय सोडायची. झोपताना गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये उशी हवी. खास गरोदरपणाची महागडी उशी नसली तरी चालतं. जुन्या गोधडीची घट्ट वळकटी तेच काम करते.

कपडे पलंगावर किंवा खुर्चीवर बसूनच घालायचे. जिना एकेक पायरी करत चढायचा. चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा पाय आधी. रिक्षात किंवा कारमध्ये बसताना आधी बूड टेकवायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली तर वळणं सोपं जातं. दिसायला गमतीशीर, पण उपयोगी! स्कूटरवर मात्र दोन्हीकडून कोंडी होते. एका बाजूला पाय करून बसलं तर कंबर पिळवटते, दोन्हीकडे पाय टाकले तर जांघ ताणते. आणि आपल्याकडचे खड्डे तर विचारायलाच नकोत. या दिवसांत स्कूटर टाळलेली बरी.

आता घरोघरी ऐकू येणारा सल्ला. “उकिडवं बसून फरशी पूस, म्हणजे नॉर्मल डिलिव्हरी होईल.” ज्यांना काही दुखत नाही त्यांनी हालचाल ठेवावी, त्यात वाईट काही नाही. पण हाडांचं हे दुखणं असलेल्या बाईला गुडघे फाकवून उकिडवं बसवणं म्हणजे सुजलेल्या सांध्यावर पाय देण्यासारखं आहे. भारतीय पद्धतीच्या शौचालयाचीही तीच गोष्ट. घरात कमोड नसेल, तर वर ठेवायची कमोड खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. पाण्याचा हंडा किंवा मोठं मूल एका कडेवर घेणंही बंद.

पट्टा, व्यायाम आणि गोळ्या

डॉक्टर सहसा एक्स-रे न काढताच हे ओळखतात. उताणं झोपवून एक पाय सरळ उचलायला सांगतात. पाय जड वाटला किंवा कळ आली की अंदाज येतो. (फार वेळ उताणं झोपायचं मात्र नाही.) त्यानंतर फिजिओथेरपिस्टकडे जाणं सगळ्यात फायद्याचं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो. ओटीपोटाच्या तळाचे आणि मांडीचे स्नायू मजबूत करण्याचे सोपे व्यायाम ते शिकवतात.

पट्टा वापरायचा तर तो पोटावर नाही, पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीवर बसायला हवा. चालताना बांधायचा, झोपताना काढायचा. सगळ्यांनाच त्याने आराम पडतो असं नाही, म्हणून आधी बांधून बघून मगच घ्यावा. ‘हाड सरकलंय’ म्हणून हाड बसवणाऱ्याकडे जाणं किंवा कंबर जोरजोरात चोळून घेणं नको.

गोळ्यांचं काय? पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत. गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये दिला आहे.

हे दुखणं वेगळं आहे, थांबू नका

हाडांचं दुखणं हालचालीने वाढतं आणि विसावा घेतला की कमी होतं. पण पोट ठरावीक अंतराने कडक होऊन दुखत असेल, रक्त जात असेल, अंगावरून पाणी गेलं असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, पोट सतत असह्य दुखत असेल किंवा पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटत असेल, तर लगेच रुग्णालय गाठावं. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते. एवढी घाई नसेल आणि खासगी तपासणी परवडत नसेल, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. तिथे हे दुखणं आवर्जून सांगावं. विचारतील तेव्हा सांगू, असं करू नये.

सिझर करावंच लागेल का?

नाही. फक्त या कारणासाठी सिझर सहसा लागत नाही. बहुतेक जणींची प्रसूती नैसर्गिकरीत्या होऊ शकते. मात्र दुखणं सुरू न होता गुडघे किती लांब जातात, हे आधीच मोजून केस पेपरवर लिहून घ्यावं. कळांच्या वेळी, आणि विशेषतः पाठीत इंजेक्शन देऊन वेदना बंद केलेल्या असतील तर, पाय त्यापलीकडे ताणले जाणार नाहीत याकडे डॉक्टर-नर्सना लक्ष देता येतं. कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर टेकून प्रसूती होऊ शकते का, हेही नवव्या महिन्याच्या भेटीतच विचारून ठेवावं.

बाळंतपणानंतर बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. थोड्या जणींना ते जास्त काळ छळतं. बाळाच्या लसीसाठी दवाखान्यात जाणं होतंच, तेव्हा आईनेही आपल्या दुखण्यासाठी एक केस पेपर काढावा.