सतरा गाण्यांचे दप्तर

संग्रहाला निर्मितीचा मान देण्यास रसिकांचे मन सहसा राजी नसते. जे आधीच घडून गेले आहे ते एकत्र बांधण्यात कर्तृत्व कसले, असा त्यांचा सवाल असतो. खानदेशातील वाचकाला तरी या सवालाचे उत्तर ठाऊक असावयास हवे. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात संसार केलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी शेतात व जात्यावर जे रचले, त्यांपैकी पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवले तेवढेच उरले. आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे त्या निरक्षर कवयित्रीचे नाव मराठी काव्याच्या दप्तरी कायमचे दाखल झाले. संग्रहाचे हे सामर्थ्य ध्यानी घेऊनच परमुलखातील एका गीतसंग्रहाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

तो संग्रह म्हणजे 'क्वीन' या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा 'ग्रेटेस्ट हिट्स'. ज्या ईएमआय कंपनीची कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याची मुद्रा मराठी घरांतील तबकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या झळकत आली, तिनेच तो १९८१ च्या अखेरीस इंग्लंडात प्रसिद्ध केला. पहिल्या बाजूस आठ आणि दुसऱ्या बाजूस नऊ, अशी सतरा गाणी त्यात आहेत. त्यांपैकी पाच गिटारवादक ब्रायन मे याची आणि दोन बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकन याची. उरलेली दहा ज्याची, त्या फ्रेडी मर्क्युरीचे शिक्षण आपल्या महाराष्ट्रात, सातारा जिल्ह्यातील पाचगणीस झाले.

त्याचे मूळ नाव फारुख बलसारा. १९४६ साली झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील तेथील ब्रिटिश अंमलात रोखपालाच्या हुद्द्यावर होते. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात धाडण्यात आले. तेथेच त्याने पियानोचे शिक्षण घेतले आणि तेथेच, बाराव्या वर्षी, सोबत्यांसह 'द हेक्टिक्स' नावाचा आपला पहिला वाद्यवृंद उभा केला. पुढे १९६४ च्या राज्यक्रांतीमुळे बलसारा कुटुंबाला झांझिबार सोडून इंग्लंड गाठावे लागले, आणि १९७० मध्ये तेथे 'क्वीन'ची स्थापना झाली. ज्या बोटांनी ती दहा गाणी घडवली, त्यांना वळण सह्याद्रीच्या पठारावर मिळाले, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

संग्रहाची खरी कसोटी निवडीत आणि क्रमात असते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाशी परिचित असलेल्या वाचकाला इतिहासाच्या साधनांची शिस्त माहीत आहे: तेथे लहानशी चिठ्ठीही टाकाऊ ठरत नाही, आणि प्रत्येक कागदाला तिथी लावल्यावाचून संशोधकाचे समाधान होत नाही. गीतसंग्रहाचा कायदा नेमका याच्या उलट आहे. 'क्वीन'ला इंग्लंडात पहिले यश मिळवून देणारे १९७४ चे 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' येथे पंधराव्या स्थानी आहे; १९७५ चे 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आरंभी, आणि त्याला लागूनच १९८० चे गाणे. कालक्रमाचा हा भंग सहेतुक वाटतो, कारण त्यामुळे श्रोता वाद्यवृंदाचे चरित्र न वाचता त्याच्या संपूर्ण कर्तबगारीस एकदम सामोरा जातो.

आरंभीचे ते गाणे सुमारे सहा मिनिटांचे आहे. संथ विलापिका, गिटारचे एकल वादन, मग ऑपेराच्या धाटणीचा संवाद, त्यानंतर रॉकचा उद्रेक आणि शेवटी पुन्हा शांत स्वर, असे त्याचे टप्पे. त्यात ध्रुवपद म्हणून नाहीच. ऑपेराच्या भागात मोठा गायकसमूह असल्याचा भास होतो खरा, परंतु मर्क्युरी, मे आणि ढोलवादक रॉजर टेलर या तिघांचेच आवाज फितीवर पुन्हा पुन्हा, थरावर थर चढवून मुद्रित केलेले आहेत. याउलट सोळावे गाणे, 'वुई विल रॉक यू', हे साधेपणाचा कळस होय: लाकडी फळ्यांवर पायांचे दोन ठोके, एक टाळी, आणि मग एका मात्रेची विश्रांती. त्या ठेक्यावर बहुतेक गाणे केवळ आवाजावर चालते. गिटार प्रवेश करते ती अखेरीस. ती गिटारही मे याने वडिलांच्या साहाय्याने, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून स्वहस्ते घडवलेली. वाद्य नसलेल्या सामान्य श्रोत्यालाही गाण्यात सामील करून घेणारी ही रचना आज जगभरच्या क्रीडांगणांवर ऐकू येते, यात नवल नाही.

निवड ही स्थळकाळसापेक्ष असते, याचाही दाखला येथे मिळतो. १९८१ च्याच अमेरिकन आवृत्तीत चौदाच गाणी घेतली गेली. इंग्लंडात अपयशी ठरल्याने तेथील संग्रहातून वगळलेले 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' हे वाद्यवृंदाचे पहिले गाणे अमेरिकन आवृत्तीत मात्र आहे.

मर्क्युरी १९९१ साली निवर्तला. संग्रहाची लोकप्रियता मात्र ओसरली नाही. २०२२ साली एकट्या ब्रिटनमध्ये त्याच्या खपाने सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला, आणि तेथे असा टप्पा गाठणारा तो पहिलाच संग्रह ठरला. ज्या नव्या श्रोत्यांनी 'क्वीन'ची मूळ तबकडी कधी हाती धरली नाही, त्यांच्यापैकी कित्येकांच्या दृष्टीने हाच संग्रह म्हणजे 'क्वीन'.

इंग्लंडातील या गाण्यांना ध्वनिमुद्रणगृह, कंपनी आणि बाजारपेठ लाभली होती. आपल्या अहिराणी आणि लेवागणबोलीतील जात्यावरच्या ओव्यांना, लग्नातील गाण्यांना असे पाठबळ नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ती गाणी ठाऊक असतील तर ती आजच लिहून घ्यावीत, ध्वनिमुद्रित करावीत, आणि निवडून, क्रम लावून त्यांचा संग्रह सिद्ध करावा. सोपानदेवांनी आपल्या आईसाठी जे केले, ते करण्यास फार मोठे भांडवल लागत नाही.