नांग्या वेळेत भरा : शाळेतल्याही



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी लिहितो. आज शाळेविषयी लिहीत आहोत. हा विषय आपला नाही असे म्हणू नका. तो आपल्याच फडात उभा आहे.

पाडेगावच्या केंद्राने १९९६ साली शिफारस केलेला को ८६०३२ हा ऊस घ्या. बेणे तेच, पण एकाचा ऊस जोमदार अन् बांधापलीकडचा खुरटा. फरक मशागतीचा. शिक्षणाचे तसेच आहे. अभ्यासक्रम हे बेणे, गुरुजी हे मशागत करणारे. बेणे किडके असेल तर मेहनत वाया. बेणे चांगले पण रानाकडे कोणी फिरकलेच नाही, तर तण माजणारच.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा डोळ्यांपुढे उभा राहतो. पुस्तक नेहमीचेच; गुरुजींनी त्याला बोलते केले. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देण्याचे त्यांनी जाहीर केले.

पण पोरच वर्गात नसेल, तर असे गुरुजी तरी काय करणार?

दसरा-दिवाळी झाली की नांदूरघाट-केज भागातून कोयत्यावर जाणाऱ्यांच्या गाड्या निघतात. शाळेचे दुसरे सत्र नेमके गळिताच्या हंगामात येते. समजा, पोर दिवाळीपर्यंत गुणाकार शिकले. भागाकाराच्या वेळी ते कोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळत बसते, नाहीतर वाढे बांधते. परत येते तोवर वर्ग पुढे गेलेला. अशी दोन-तीन वर्षे गेली की पोर वयाने पाचवीत, वाचनाने दुसरीत. मग शाळा सुटते अन् हातात कोयता येतो. उसात नांगी पडली तर ती महिन्याभरात भरावी लागते. उशिरा लावलेले रोप इतरांच्या सावलीत दबते, हे आपणांस सांगायला नको.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे ही त्यानुसार स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

तेव्हा आपण एवढे करावे. टोळी उतरली की मुकादमाकडून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांची नावे घ्यावीत व जवळच्या शाळेतल्या गुरुजींना कळवावीत. आपल्या फडात पोरांना कामाला लावू देऊ नये. शेजारचे कोणी कोयत्यावर निघाले, तर पोर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्यास सांगावे.

आपला ऊस वेळेवर तुटावा, ही आपली इच्छा रास्तच आहे. त्यापायी कोणाचे शिक्षण तुटू नये, एवढीच नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी