खर्जातला परका सूर

गेल्या वर्षी गणेशोत्सवात एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला ओळखीचा एक तरुण बास गिटार वाजवत होता. दुपारी चार वाजता साउंडचेक झाला, तेव्हा बासचा आवाज स्वच्छ होता. रात्री पावणेनऊला पहिले गाणे सुरू झाले आणि बासच्या मागे ‘घूं’ असा जाड, सलग आवाज यायला लागला. साउंडवाल्याने दोन गाणी कसेबसे सहन केले, मग पेडलबोर्ड काढून गिटार थेट मिक्सरला जोडायला लावली. आवाज गेला. कार्यक्रम संपल्यावर व्यवस्थापक म्हणाला, “पुढच्या दोन तारखांचं कळवतो.” या वाक्याचा अर्थ कलाकारांना समजतो.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. मी इंजिनिअर नाही. तीसेक वर्षे जुनी ध्वनियंत्रे उघडून, मोजून, वह्यांत टिपून जे समजले तेवढेच माझे शिक्षण. आम्ही बोर्ड माझ्या टेबलावर जोडला आणि तासभर वाजवला. घूं नाहीच.

“काका, शप्पथ, काल होता आवाज,” तो म्हणाला. मग सहज एक गोष्ट बोलून गेला: “जीची तार मोकळी वाजवली की तो आवाज तिच्याशी भांडायचा. लाटा यायच्या.”

माझ्या दृष्टीने निम्मा शोध त्या वाक्यात होता. का, ते सांगण्याआधी पेडलबोर्ड म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे.

गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मधे पायाने चालू-बंद करायच्या लहान डब्या ठेवतात, त्या पेडल्स. एक सूर जुळवायला, एक आवाजाचे चढउतार दाबून सारखे करायला, एक सुराला फाटकी धार द्यायला. पाच-सहा पेडल्स एका फळीवर बसवली की झाला पेडलबोर्ड. बहुतेक पेडल्स ९ व्होल्टवर चालतात, कारण त्यांचा जन्म चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीभोवती झाला. बॅटरी महाग आणि ऐन गाण्यात संपणारी, म्हणून अ‍ॅडाप्टर आला. आपल्याकडचे जुने लोक अजून त्याला एलिमिनेटरच म्हणतात. बॅटरीतून निघणारी वीज मात्र अगदी सपाट असते. भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली हेलकावते. तिला सपाट करण्याचे काम एलिमिनेटरला करावे लागते, आणि त्यात जे राहून जाते ते पेडलमधून पुढे जाऊन स्पीकरमधून ऐकू येते.

आता त्या ‘भांडणाऱ्या’ तारेकडे येऊ. बासच्या चार मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. त्यांची कंपने सेकंदाला सुमारे ४१, ५५, ७३ आणि ९८. एलिमिनेटरमधले चार डायोड विजेच्या हेलकाव्याचा खालचा अर्धा भाग उलटवून वर आणतात, त्यामुळे ५० हेलकाव्यांच्या १०० लाटा होतात. नीट सपाट न झालेल्या विजेचा आवाज म्हणून १०० कंपनांचा असतो. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन लाटा कानाला जाणवतात. तानपुरा जुळवताना दोन तारा किंचित चुकल्या की जो हेलकावा ऐकू येतो, तोच हा. मुलाने कानाने जे टिपले होते ते मोजमापच होते.

दुसरा आवाज ५० कंपनांचा. तो ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या जीला (४९ कंपने) जवळजवळ चिकटून असतो आणि तिच्याशी सेकंदाला एक लाट करतो. पेटीवाल्यांच्या भाषेत दोन्ही आवाज पांढरी पाचच्या किंचित वर, एक खालच्या सप्तकात, एक वरच्या. अमेरिकेत वीज ६० कंपनांची, त्यामुळे तिथला हाच आवाज काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध पडतो, म्हणजे कुठल्याच पट्टीचा नसतो. आपल्याकडे तो बासच्या घरातच येऊन बसतो. म्हणूनच की काय, ऐकणाऱ्याला वाटते की वाजवणाराच बेसूर आहे.

मी गिटारवाल्यांना नेहमी हेच आधी करायला सांगतो. घूं आली की बोर्डाला हात लावू नका. मोकळी जी वाजवा, मग ई तारेवरची खालची जी वाजवा, आणि कोणाशी लाटा येतात ते ऐका. वरच्या जीशी असतील तर संशय वीज सपाट करणाऱ्या भागावर. खालच्या जीशी असतील तर संशय अर्थिंगच्या वेटोळ्यावर, किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र गिटारच्या पिकअपमध्ये शिरण्यावर. या शेवटच्याची परीक्षा सोपी आहे: गिटार धरून जागच्या जागी काटकोनात वळा. आवाज कमी-जास्त झाला तर दोष पिकअपकडे, बोर्ड निर्दोष. दोन सिंगल कॉइल पिकअप असलेल्या जॅझ बासवर दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे केले की हा आवाज बराचसा आपोआप कटतो, कारण दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात. आवाजाची पट्टीच सरकत असेल तर वीज जनरेटरची आहे. भार वाढला की त्याचा वेग पडतो. कान निकाल देत नाही हे खरे. लहान स्पीकरवर ५० कंपने ऐकूच येत नाहीत, त्यांच्या वरचे स्वरांश तेवढे येतात आणि फसवतात. पण शोध कुठून सुरू करायचा हे कान सांगतो.

मग प्रश्न उरला की दुपारी आणि माझ्या टेबलावर आवाज का नाही. माझ्याकडे एक जुना डिमरस्टॅट आहे. त्याच्या मुठीने भिंतीतला व्होल्टेज हवा तेवढा खाली आणता येतो. बोर्ड त्यावर लावून मी २३० वरून हळूहळू खाली आलो. २२०, २१०, शांत. २०० च्या आसपास स्पीकर गुरगुरला, १९५ ला पूर्ण घूं. मुलगा उडालाच: “हाच, हाच तो!”

कारण एलिमिनेटर उघडल्यावर दिसले. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा, पुढे चार डायोड, एक १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि शेवटी ७८०९ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर. हा रेग्युलेटर ९ व्होल्ट देतो, पण त्यासाठी आत येणारी वीज सतत ११ व्होल्टच्या वर राहावी लागते. हिशोब असा: २३० वर लाटेचे टोक साधारण १७ व्होल्ट, डायोडमध्ये दीड गेले, राहिले साडेपंधरा. दोन लाटांच्या मधल्या खळग्यात कॅपॅसिटर साठवलेली वीज पुरवतो, तरी तिथे व्होल्टेज थोडा घसरतोच. कॅपॅसिटर धडधाकट असेल तर या बोर्डाच्या दीडशे मिलिअँपिअर भाराला खळगा व्होल्ट-सव्वा व्होल्टचा. पण हा कॅपॅसिटर उष्णतेने सुकला होता. मोजला तर निम्माही भरला नाही. खळगा दुप्पट झाला. २३० वर तरीही ११ च्या वर निभावत होते. २०० वर प्रत्येक खळगा ११ च्या खाली जाऊ लागला आणि सेकंदाला १०० वेळा रेग्युलेटर हात टेकू लागला. चांगला कॅपॅसिटर असता तर हाच एलिमिनेटर १८५ पर्यंत शांत राहिला असता. दोन लहान दुखणी, एकेकटे असते तर कोणालाच कळले नसते.

बोर्ड तपासताना आणखी एक बारीक ‘चीं’ सापडली, ती सूर जुळवणारे पेडल चालू असतानाच यायची. हे पेडल डिजिटल; त्याच्या आतल्या घड्याळाच्या टिचक्या एकाच वायरीवर माळेसारख्या जोडलेल्या शेजारच्या पेडलांत झिरपत होत्या, आणि पुढचा कंप्रेसर त्यांना मोठे करून दाखवत होता. अशा वेळी संशयित पेडलला तात्पुरती ९ व्होल्टची बॅटरी लावावी. आवाज गेला तर पेडल निर्दोष, वायरीची माळ दोषी. उपाय म्हणजे प्रत्येक पेडलला ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या गुंडाळीतून वीज देणारा पुरवठा. तो महाग पडतो, म्हणून निदान डिजिटल पेडल्स तरी वेगळ्या एलिमिनेटरवर घ्यावीत. काही जुन्या धाटणीच्या जर्मेनियम फझ पेडलांत धन टोक बॉडीला जोडलेले असते. असे एखादे माळेत ओवले तर सरळ शॉर्टच होतो. पिन उलटसुलट करणारे सुटे कनेक्टर विकणारे हे सांगत नाहीत.

तपकीर गल्लीतून नवा कॅपॅसिटर आणला, २२०० चा, पंधरा मिनिटांचे काम. चार दिवसांनी त्याचा दुसऱ्या एका मंडळात कार्यक्रम होता. मी मल्टिमीटर घेऊन बरोबर गेलो. मांडवाला वीज लांबवरून बारीक वायरीने आणलेली. दुपारी स्टेजवर २२६ व्होल्ट. रात्री कमान, हॅलोजन आणि मूर्तीवरचे दिवे लागल्यावर १९८. १०० कंपनांची घूं आली नाही.

पण ती गेल्यावर तिच्याखाली दडलेली दुसरी ऐकू आली, पातळ, खालच्या जीशी रेंगाळत लाटा देणारी. ५० कंपने. हे अर्थिंगचे वेटोळे होते. बासचा अ‍ॅम्प्लिफायर स्टेजवरच्या बोर्डातून अर्थ घेत होता, मिक्सर चाळीस मीटर मागे दुसऱ्या ठिकाणाहून, आणि दोघांना सिग्नलच्या वायरीची जाळी जोडत होती. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या जाळीतून प्रवाह वाहतो, आणि तोच ऐकू येतो.

साउंडवाला अनुभवी माणूस. त्याने तत्काळ उपाय सांगितला: “अँपची अर्थची पिन काढून टाका की. आम्ही सगळीकडे तेच करतो.”

आवाज जातो, हे खरेच आहे. पण तारांना लावलेली गिटारची बॉडी वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेली असते. आत इन्सुलेशन फुटून फेज पत्र्याला लागला, तर अर्थची वायर तो प्रवाह जमिनीत नेऊन फ्यूज उडवते. पिन नसेल तर प्रवाह तारांवर येऊन थांबतो, आणि वादकाचे ओठ मिक्सरमार्फत अर्थ झालेल्या माइकला टेकले की त्याच्या शरीरातून वाट काढतो. एखाद्या उपकरणाचे अर्थिंग तुटले की काय होते, हे काल्पनिक भय नाही. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वॉन्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच मेला. १९७६ मध्ये ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. आपल्या मांडवांत तर भाद्रपदातला पाऊस आणि ओली फळीही असते.

वेटोळे तोडायचे ते सिग्नलच्या वायरीत, विजेच्या वायरीत नाही. बास ज्या डीआय बॉक्समधून मिक्सरकडे जातो, त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचे बटण असते. ते मिक्सरकडे जाणाऱ्या वायरीची जाळी सोडवते. सिग्नल आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून जात राहतो आणि दोन्ही यंत्रांची विजेची अर्थ शाबूत राहते. आम्ही ते बटण दाबले. घूं गेली. साउंडवाला म्हणाला, “हे बटण कशाला असतं ते आज कळलं.” बऱ्याच जणांना कळत नाही, कारण बॉक्सवर इंग्रजीत दोनच शब्द लिहिलेले असतात.

त्यानंतर मी सहज मुलाच्या अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढून पाहिला. अर्थची जाड पिन मुळापासून कापलेली होती, आणि कापलेली जागा जुनी, काळी पडलेली. पण मग आत्ताचे वेटोळे कुठून झाले? अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा लोखंडी रॅकला टेकला होता, रॅकमध्ये दुसरे यंत्र होते, त्याची अर्थ शाबूत होती. म्हणजे त्या रात्री अ‍ॅम्प्लिफायर अर्थ होता तो योगायोगाने. “सेकंडहँड घेतला तेव्हापासून असंच आहे, काका,” मुलगा म्हणाला. “दोन वर्षं झाली.” तो बासबरोबर कोरसही गातो. माइक तोंडापासून दोन बोटांवर असतो.

डेकोरेशनवाल्याच्या पेटीतून एक तीन पिनी प्लग मिळाला. पडदा उघडायला वीस मिनिटे होती. मी वायर सोलली, त्याने टॉर्च धरला.