ताडीची घटिका आणि पिंपातली वर्षे

पालघरहून शिरगाव-सातपाटीकडे किंवा बोईसरहून चिंचणी-तारापूरकडे निघाले, की घरे विरळ होत जातात आणि आकाशात ताडांची डोकी दिसू लागतात. एका बाजूला १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आणि औद्योगिक वसाहतीची धुरांडी, तर दुसऱ्या बाजूला शेंड्यावर मडकी बांधलेली ही झाडे. या मडक्यांतील पेयाकडे शहरी माणूस बहुधा स्वस्तातली नशा म्हणून पाहतो. तोच माणूस परदेशवारीत बेल्जियन पद्धतीची, बर्बनच्या पिंपात मुरवलेली कडक बीअर मोठ्या कौतुकाने चाखतो. खरे तर ही दोन्ही पेये एकाच शास्त्राची लेकरे आहेत. फरक आहे तो काळाशी असलेल्या नात्याचा.

झाडावरच सुरू होणारी भट्टी

ताडाच्या फुलोऱ्याचे टोक धारदार कोयत्याने रोज थोडे थोडे छाटले, की त्यातून रस पाझरतो. याच फुलोऱ्याला फळ धरू दिले, तर मादी झाडावर उन्हाळ्यात ताडगोळे मिळतात. म्हणजे रस की फळ, ही निवड आधीच करावी लागते. ताजा रस म्हणजे नीरा. तिच्यात साधारण १० ते १५ टक्के साखर असते आणि मद्यार्क जवळजवळ नसतो. मडक्याला आतून चुना लावला, तर रस आंबत नाही. चुना नसेल, तर मात्र रस मडक्यात पडता पडताच आंबू लागतो.

हे काम करणारे सूक्ष्मजीव कोणी विकत आणून घालत नाही. हवेतून, फुलोऱ्यावरून, कीटकांच्या अंगावरून आणि मुख्य म्हणजे कालच्या मडक्यात उरलेल्या अंशातून ते येतात. पाव आणि बीअर बनवणारे सॅकॅरोमायसिस हे यीस्ट त्यात असते. झायमोमोनास नावाचा, साखरेचा झपाट्याने मद्यार्क करणारा जीवाणू असतो. आंबटपणा आणणारे दह्याच्या कुळातील जीवाणूही असतात. ताडीचा दुधी रंग हा या कोट्यवधी जीवांचाच रंग होय.

सेन नदीच्या खोऱ्यातील भावंड

ब्रुसेल्सच्या नैर्ऋत्येला सेन नदीच्या खोऱ्यात ‘लॅम्बिक’ नावाची बीअर बनते. उकळलेला धान्याचा काढा उथळ, उघड्या हौदात रात्रभर ठेवतात आणि हवेतील यीस्टला मोकळे रान देतात. हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत होते, कारण उन्हाळ्यात नको ते जीवाणू माजतात. पुढे हा काढा लाकडी पिंपात एक ते तीन वर्षे राहतो. पिंपाच्या लाकडात मुरलेले यीस्ट तेथे जे काम करते, तेच आपल्याकडे मडके करते.

बेल्जियमच्याच ‘ट्रिपेल’ प्रकारच्या कडक बीअरचा मार्ग निराळा आहे. तिच्यात निवडलेले यीस्ट घालतात आणि धान्याच्या जोडीला साखरही वापरतात. साखर जवळजवळ पूर्ण आंबते, त्यामुळे मद्यार्क ९ टक्क्यांच्या आसपास जाऊनही बीअर जिभेला जड लागत नाही. अमेरिकेतील मेन राज्यातील अ‍ॅलागॅश या कंपनीने २००४ साली आपली ट्रिपेल बर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरवून ‘क्युरिओ’ ही बीअर आणली. अशी पिंपे मुबलक मिळतात त्याला कारण कायदा आहे. अमेरिकी नियमानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेले पिंप बर्बनच्या पुन्हा उपयोगी पडत नाही आणि ते इतरांकडे जाते.

चव कशी ओळखावी?

अशी बीअर फार थंड पिऊ नये. गारठलेल्या पेयाचा वास दबतो. रुंद तोंडाच्या पेल्यात ओतून आधी वास घ्यावा. पहिल्यांदा पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा गंध येतो. हे दोन्ही बेल्जियन यीस्टचे देणे. वसईच्या सुकेळीचा डबा उघडताना येणारा वास ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना हा गंध परका वाटू नये. मागोमाग व्हॅनिला येतो आणि त्याला लागून चक्क खोबऱ्याचा वास येतो. अमेरिकन ओकमध्ये ‘लॅक्टोन’ जातीची द्रव्ये असतात, त्यांचा हा परिणाम. शेवटी घशात बर्बनची ऊब उरते.

ताडी मात्र एका पेल्यात कळत नाही. ती दिवसभरात कळते. पहाटे उतरवलेली ताडी शहाळ्याच्या पाण्याहून गोड आणि किंचित चुरचुरीत असते. दुपारपर्यंत फेस वाढतो, आंबोळीच्या पिठासारखा वास येतो, गोडी आणि आंबटपणा समसमान होतात. जाणकारांच्या मते हीच तिची खरी घटिका. संध्याकाळी मद्यार्क ४-५ टक्क्यांच्या घरात जातो, गोडी संपते आणि ताडी ‘चढते’. दुसऱ्या दिवशी तिचा प्रवास शिरक्याकडे सुरू झालेला असतो. गोव्यात माडाच्या अशाच रसाचा शिरका करतात आणि ‘सान्नां’चे पीठही फुगवतात.

मग ताडीही पिंपात का मुरवू नये? उत्तर साधे आहे. ट्रिपेलमधील जास्त मद्यार्क आणि हॉप्स हे कडू फूल बहुतेक जीवाणूंना रोखून धरतात. ताडीपाशी असे संरक्षण नसते. पिंपात मुरते ती बीअर. ताडीचा त्याच पिंपात शिरकाच होईल.

प्रवास न सोसणारे पेय

ताडीचे खरे दुखणे येथेच आहे. तिची उत्तम अवस्था काही तासांची, तर मागणी मात्र दूरच्या शहरात. ही दरी भरून काढायला भेसळ पुढे आली. पाणी, कृत्रिम गोडी आणि गुंगी आणणारे क्लोरल हायड्रेट मिसळून ताडी म्हणून विकल्याची प्रकरणे राज्यात वेळोवेळी उघडकीस आली आहेत. हे रसायन मद्यार्काबरोबर पोटात गेले, तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. अशा वेळी चवीचे ज्ञान हा केवळ शौक राहत नाही. दुसऱ्या दिवशीही आदल्या सकाळइतकीच गोड लागणारी ताडी संशयास्पद मानावी. खरी ताडी आंबट झाल्याशिवाय राहत नाही.

कायद्याची नजर या झाडावर जुनीच आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढणे परवान्याखाली आणले आणि झाडागणिक कर द्यावा लागू लागला. त्याचा फटका हा पारंपरिक व्यवसाय असलेल्या भंडारी समाजाला बसला. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, तेव्हा नीरेला मात्र सरकारी प्रोत्साहन मिळाले. आजही परवान्याशिवाय ताडी विकता येत नाही.

कायद्यापेक्षा मोठा प्रश्न झाडावर चढणार कोण, हा आहे. पहाटे आणि सांजेला उंच ताडावर चढायचे, हात निसटला तर आयुष्य संपायचे, आणि मोबदला मोसमापुरता. अशा वेळी बोईसरच्या कारखान्यातील पाळी तरुणाला अधिक भरवशाची वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. फुलोरा कोठे आणि किती छाटायचा, हे ज्ञान पुस्तकात नाही. ते हातात आहे. बेल्जियमने आपल्या हौदांचे आणि पिंपांचे ज्ञान जपले, त्याला नाव दिले आणि मोल मिळवून दिले. व्यसनाचे धोके नाकारण्याचे कारण नाही; मद्य मग ते मडक्यातले असो वा पिंपातले, मर्यादेतच बरे. परंतु पिंपातील बीअर आणखी काही वर्षे वाट पाहू शकते. ताडावरचे मडके मात्र उद्या पहाटे कोणीतरी उतरवावेच लागते.